देवघरातला शेंदूर आणि साडेचार फुटी लेथ

प्रश्न : माझा मुलगा मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मागच्या परीक्षेत ६४ टक्के मिळाले. मे महिन्यात आजीने दिलेले आणि स्वतः साठवलेले असे ३२ हजार रुपये घालून त्याने उद्यमनगरातून एक जुनं साडेचार फुटी लेथ, म्हणजे लोखंड फिरवून कापायचं यंत्र, आणलं. तेव्हापासून रोज रात्री लोखंड खरवडत बसतो. याला हॅन्ड स्क्रेपिंग म्हणतात म्हणे. देवघरातला शेंदूर तेलात कालवून त्या लोखंडाला फासतो. आवाज ऐकून शेजारीण विचारते, मुलगा नापास झाला का? हे बँकेत आहेत. यांचं म्हणणं, आमच्या घरात कुणी हात काळे केले नाहीत. दिवाळीपर्यंत लेथ भंगारात गेलं नाही तर डिग्रीचे पैसे देणार नाही. माझे दीर पुण्यात आयटीत आहेत. ते म्हणतात, हे काम आता मशीनच करतं. त्याच्या वहीचे फोटो सोबत पाठवते. त्याला डिग्रीला घालायचं की नाही, एवढंच सांगा. हे पत्र लिहिलेलं यांना माहीत नाही.
– एक आई, कोल्हापूर

उत्तर : ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर ओळीभराचं आहे, ते आधी देऊन टाकतो. डिप्लोमा पूर्ण झाला की त्याच्या गुणांवर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षासाठी अर्ज करता येतो, वेगळी सीईटी लागत नाही, आणि ६४ चे ७५ झाले तर कॉलेज बरं मिळेल.

आता तुमच्या पत्राबद्दल. मी ते तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा शेवटच्या वाक्यापाशी अडलो. मुलाने चोरी केलेली नाही, कर्ज काढलेलं नाही, वर्षही बुडवलेलं नाही. तरी त्याच्याविषयी चार ओळी लिहिताना तुम्हाला यजमानांपासून लपवावं लागतं. मला टक्क्यांपेक्षा याची काळजी जास्त वाटते.

यजमानांची भीती मी समजू शकतो. नोकरदार माणसाने फीचे पैसे महिन्याच्या पगारातून बाजूला काढलेले असतात, आणि पोरगा मध्यरात्री लोखंड घासताना दिसला की पोटात गोळा येणारच. पण त्यांनी घातलेली अट बघा. मुलाने स्वतःच्या पैशाने आणलेली वस्तू भंगारात घालायची, तर त्याच्या शिक्षणाचे पैसे मिळणार. यातून तो काय शिकेल? पुढच्या वेळी आवडीची गोष्ट घरी आणायची नाही, मित्राच्या शेडमध्ये ठेवायची, एवढंच. माझ्यासमोर असे कितीतरी मुलगे येऊन बसतात, ज्यांना ‘तुला काय करायला आवडतं’ असं विचारलं की ते आधी वडिलांच्या तोंडाकडे बघतात. तुमचा मुलगा पाच महिने एकाच कामाला चिकटून आहे, चुका तारखेसकट वहीत लिहितो आहे. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलात हा गुण मला फार क्वचित दिसतो. तो भंगाराच्या भावाने घालवू नका.

आणि ‘हात काळे केले नाहीत’ हे वाक्य कोल्हापुरात राहून म्हणायला धाडस लागतं. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या, उद्यमनगरातल्या शेड, तिथल्या मालकांची आणि कामगारांची खाती ज्या बँकांत आहेत त्या बँका, हे सगळं काळ्या हातांवरच उभं राहिलं. शेजारणीला सांगा, मुलगा पास झालाय, म्हणूनच आवाज येतोय.

दिरांचं म्हणणं मात्र नीट तपासायला हवं, कारण शिकलेल्या माणसांचाही हा गैरसमज असतो. मशीन हे काम करतं हे बरोबर; सरफेस ग्राइंडर हे घासणारं यंत्र सपाट पृष्ठभाग काढतं. पण ते काढतं स्वतःच्या स्लाइडइतकाच, म्हणजे ज्या रुळावर सरकतं त्याइतकाच, सरळ. स्लाइड वाकडी असेल तर तेच वाकडेपण जॉबवर, म्हणजे घडवायच्या तुकड्यावर, उतरतं. मग पहिली सरळ गोष्ट आली कुठून? जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रकाराने १८४० साली ग्लासगोच्या सभेत याचं उत्तर मांडलं होतं. दोन प्लेट एकमेकींवर घासल्या तर त्या छान जुळतात, पण एक वाटीसारखी आणि दुसरी घुमटासारखी होऊनही जुळू शकतात. तीन प्लेट घेऊन आळीपाळीने एकमेकींशी ताडून पाहिल्या आणि रंग लावल्यावर दिसणारे उंच ठिपके हाताने खरवडत गेलं, तर तिन्ही सपाट झाल्याशिवाय सुटका नाही. पावडर लावून घासण्यापेक्षा खरवडणं बरं, कारण घासताना धातू कुठून निघतोय ते आपल्या हातात राहत नाही. हे अजून संपलेलं नाही. जपानी मशीन टूल कारखान्यांत या कामाला किसागे म्हणतात, आणि उंची सीएनसी मशीनचे एकमेकांवर बसणारे पृष्ठभाग तिथे आजही माणूस हाताने खरवडतो. खरवडलेल्या खोलगट जागांत तेल टिकतं आणि स्लाइड अडखळत नाही, हा आणखी एक फायदा. दिरांच्या मोबाइलमधले भाग ज्या मशीनवर बनले, त्यांच्या वंशावळीत कुठेतरी एक खरवडणारा बसलेला आहे.

आता चिरंजीवांकडे वळतो, आणि त्यांना थोडं लागेल असं बोलणार आहे. समुपदेशनात येण्याआधी सहा वर्षं मी एका टूलरूममध्ये होतो, त्यामुळे वही वाचता आली. स्क्रेपर त्याने जुन्या कानशीचे दात घासून बनवला आहे, खर्च जवळपास शून्य, शाबास. बारीक फरक मोजणारा डायल गेज मित्राकडून आणला आहे, तेही ठीक. पण सरफेस प्लेट, म्हणजे जिच्याशी सपाटी ताडून बघतात ती प्लेट, म्हणून काय वापरलं आहे? ओट्याचा उरलेला ग्रॅनाइट! ओट्याचा दगड चकाकतो, तोंड दिसतं, पण त्याच्या सपाटीची हमी कुणी दिलेली नसते. पाच महिने या मुलाने त्या दगडाचे उंचवटे इमानदारीने सॅडलवर, म्हणजे लेथच्या सरकत्या भागावर, उतरवले आहेत. मेहनत भरपूर, माप चुकलेलं. कॉलेजच्या मेट्रॉलॉजी, म्हणजे मापनाच्या, लॅबमध्ये खरी सरफेस प्लेट असते. सरांना जाऊन भेटायला लाज वाटत असेल तर ती लाज घालवणं हा त्याचा पुढचा धडा.

दुसरं, बेडला, म्हणजे सॅडल ज्यावर सरकतं त्या रुळांना, हात लावणं आजपासून बंद. लेथवर जॉब निमुळता येतो म्हणून तो बेड खरवडायला निघाला आहे. बेड झिजलेला असेलही, पण आधी पायाखालच्या पॅकिंगमुळे तो पिळला गेला नाही ना, हे बघायला हवं. ०.०२ मिलिमीटर प्रति मीटरची लेव्हल कुणाकडून तरी दोन दिवस मागून आणावी आणि लेव्हल साधून पुन्हा जॉब घेऊन बघावा. नंतर झीज मोजायची. ती नेहमी जॉब पकडणाऱ्या चकजवळ जास्त असते, कारण काम तिथेच होतं; विरुद्ध, म्हणजे टेलस्टॉककडच्या टोकाचा न वापरलेला भाग मूळ माप सांगतो. स्क्रेपिंगच्या एका फेरीत फार तर ३ ते ५ मायक्रॉन (हजार मायक्रॉनचा एक मिलिमीटर) निघतात. झीज ०.१ मिलिमीटर असेल तर अख्ख्या बेडवर वीस-तीस फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरीत मापं घ्यावी लागतात. नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये. बेड रिकंडिशनिंगवाल्याकडून ग्राइंड करून घ्यावा, दर आधी विचारावा, आणि मग त्या बेडवर सॅडल हाताने बसवावं. बेड खाली गेला की सॅडलही खाली येतं आणि सॅडल ओढणाऱ्या लीडस्क्रूशी मेळ बसत नाही, तेव्हा सॅडलखालच्या पॅकिंगचा हिशोब आधीच धरावा. बेडच्या कडेला कानस लावून बघ म्हणावं. ती नुसती घसरली तर बेड हार्ड केलेला आहे, तिथे स्क्रेपर चालतच नाही.

शेंदराबद्दल ताई तुम्ही गमतीने लिहिलंय, पण मला हसू आलं नाही. जुने फिटर ठिपके बघायला शेंदूर वापरत, हे खरं. खरा शेंदूर शिशाचा असतो आणि ते विष आहे. त्याच हातांनी पोरगा रात्री चिवडा खात असणार. त्याऐवजी प्रशियन ब्लू या निळ्या रंगाची ट्यूब आणा, ती वर्षभर पुरेल.

ठिपके मोजायला पुठ्ठ्याला एक इंच चौकोनी खिडकी कापायची आणि ती सॅडलवर ठेवायची. आत दहा-बारा ठिपके सारखे पसरलेले दिसले की या लेथला पुरे. चाळीसच्या मागे लागू नकोस म्हणावं, तुला सरफेस प्लेट बनवायची नाहीये.

पुढच्या वाटेबद्दल माझं मत यजमानांना आवडणार नाही. मुलालाही पूर्ण आवडणार नाही. नुसत्या स्क्रेपिंगवर घर चालवणारे कारागीर मी पाहिले आहेत; काम कमी, खांदे पन्नाशीत गेलेले. त्यावर आयुष्य बांधू नये. पैसे त्याला मिळतात ज्याला मशीन नेमकं कुठे चुकतंय ते मोजून सांगता येतं, मशीनच्या अचूकतेचा टेस्ट चार्ट वाचता येतो. मशीन टूल मेंटेनन्स, असेंब्ली, मेट्रॉलॉजी ही ती दालनं. म्हणून मी डिप्लोमानंतर लगेच डिग्रीला घालणार नाही. आधी वर्षभराची अप्रेंटिसशिप, तीही मशीन बनवणाऱ्या किंवा रिकंडिशनिंग करणाऱ्या ठिकाणी, स्टायपेंड मिळतो. मशीन टूल उत्पादकांच्या संघटनेचं, म्हणजे आयएमटीएमएचं, पुण्यात प्रशिक्षण केंद्र आहे, आणि छत्रपती संभाजीनगरला इंडो-जर्मन टूल रूम आहे. दोन्हीकडचे छोटे कोर्स बघून ठेवावेत. डिग्रीची दारं एका वर्षाने बंद होत नाहीत, आणि वर्षभर शॉपमध्ये राहून आलेल्या मुलाला वर्गात प्रश्न विचारता येतात. एमपीएससीचं मी मुद्दाम लिहीत नाही, यजमान स्वतःच काढतील.

घरात अट हवीच असेल तर ती मुलाला घालू द्या. लेथवर आणखी किती खर्च करणार याचा आकडा त्याने स्वतः लिहून द्यावा, रात्री दहानंतर स्क्रेपर बंद, आणि येत्या परीक्षेत ७० च्या खाली आला तर लेथवर ताडपत्री. यजमानांनी एवढंच कबूल करायचं, की फीच्या पैशांचा आणि लेथचा संबंध पुन्हा जोडायचा नाही. हे पत्र त्यांना दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. दाखवलंत तर पूर्ण दाखवा, बँकांचा परिच्छेद धरून.

आणि सोमवारी सॅडल कॉलेजात न्यायला सांगा. रिक्षाने, जुन्या चादरीत गुंडाळून, खरवडलेली बाजू वर.