‘फिलहेलीन’ कवींना मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आहे : इंग्रज कवी बायरनच्या प्रभावाखाली, तुर्कांविरुद्ध लढणाऱ्या ग्रीकांच्या बाजूने लिहिणाऱ्या फ्रेंच-जर्मन कवींना ‘फिलहेलीन’ म्हणतात. मराठीत ‘यवनप्रेमी’ म्हणावे की ‘ग्रीकप्रेमी’?

‘यवनप्रेमी’ आधी बाद करू. व्युत्पत्तीने पाहिले तर शब्दात खोट नाही. आयोनिया या ग्रीक प्रदेशाच्या नावावरून ‘योन’, ‘यवन’ झाले. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांब दान देणारे धेनुकाकट या गावचे ‘यवन’ही आहेत. पण बखरींच्या काळापासून मराठीत यवन म्हणजे मुसलमान. १८२१ साली ग्रीक उठले ते तुर्कांच्या ऑटोमन सुलतानाविरुद्ध. त्यांच्या बाजूने लिहिणाऱ्याला यवनप्रेमी म्हटले, की वाचक त्याला थेट सुलतानाच्या गोटात नेऊन बसवणार!

‘ग्रीकप्रेमी’ चुकीचा नाही, पण मिळमिळीत आहे. होमर आवडणारा प्राध्यापकही ग्रीकप्रेमीच. मी ‘ग्रीकांचे कैवारी’ म्हणेन, आणि त्याचे कारण बायरन.

१८१२ साली ‘चाइल्ड हॅरल्ड’ या त्याच्या प्रवासकाव्याचे पहिले दोन सर्ग आले, तेव्हा बायरनही भग्न देवळांपुढे हळहळणारा प्रवासीच होता. १८२४ च्या जानेवारीत तो ग्रीसमधल्या मिसोलोंघीला उतरला तो ग्रीक आरमारासाठी स्वतःचे चार हजार पौंड देऊन आणि सुलिओट या डोंगरी लढवय्यांचा पगार अंगावर घेऊन. लढाई त्याच्या नशिबी आली नाही; १९ एप्रिलला छत्तिसाव्या वर्षी तापाने गेला. पण एवढ्यात प्रेमाचा कैवार झाला होता, आणि युरोपभरच्या कवींनी उचलला तो हा बायरन.

फ्रेंच कवी लामार्तीनने १८२५ साली हॅरल्डच्या यात्रेचा ‘शेवटचा सर्ग’ स्वतःच लिहून टाकला. त्यात नायक ग्रीसला निघताना इटलीला बजावतो, की मी माणसे शोधायला दुसरीकडे जातो, इथे नुसती माणसांची धूळ आहे. आणि त्याच वर्षी लामार्तीन इटलीतच, फ्लॉरेन्सच्या फ्रेंच वकिलातीत, रुजू झाला! गाब्रिएले पेपे या नेपल्सच्या निर्वासित अधिकाऱ्याला ते झोंबले, १८२६ साली द्वंद्व झाले आणि कवीच्या दंडाला जखम झाली. कैवार ग्रीकांचा, रक्त सांडले इटालियनांपायी.

जर्मन कवी व्हिल्हेल्म म्यूलर ग्रीसला कधी गेलाच नाही, तरी ‘ग्रीकगीतां’मुळे त्याला ‘ग्रीक-म्यूलर’ नाव पडले. गीते त्याने १८२१ लाच सुरू केली होती, म्हणजे बायरन निघण्याआधी. तेव्हा त्याला सरसकट बायरनचा अनुयायी म्हणू नये. (संगीतकार शूबर्टच्या ‘विंटरराइझ’ या गीतमालेचे शब्द याचेच.) फ्रेंच कवी ह्यूगोच्या ‘ओरिएंताल’ या संग्रहामध्ये, १८२९, कियॉस बेटावर तुर्कांनी केलेल्या ग्रीकांच्या कत्तलीतून वाचलेला निळ्या डोळ्यांचा पोरगा आहे. कवी विचारतो, बाळा, तुला काय हवे? फूल, फळ की अद्भुत पक्षी? पोरगा म्हणतो, मला दारू आणि गोळ्या हव्यात. (बंदुकीची दारू, अर्थातच.) इथे ‘प्रेमी’ हा शब्द किती तोकडा पडतो पाहा.

‘कैवारी’ला पक्षपाताचा किंचित वास आहे, हे कोणी सुचवण्याआधी मीच सांगतो. तो असू द्यावा. या कवितांत कियॉस ठळक दिसते. त्रिपोलित्सा शहरात ग्रीकांनी केलेली तुर्कांची कत्तल मात्र क्वचितच.

उलट रशियन कवी पुश्किन. १८२४ च्या ‘समुद्रास’ या कवितेत तो बायरनसाठी शोक करतो, आणि त्याच वर्षी एका पत्रात ग्रीसचा आपल्याला वीट आल्याचे लिहितो. बायरनचा प्रभाव आहे, कैवार नाही. त्या वर्षापुरते तरी त्याला या यादीत घालू नये.

‘ग्रीकप्रेमी’ शब्द वाया मात्र जात नाही. प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने इजिप्तचा राजा अमासिस याला ‘फिलहेलीन’ म्हटले आहे आणि प्राचीन इराणच्या पार्थियन राजांनी तीच पदवी नाण्यांवर मिरवली आहे. त्यांना ‘ग्रीकप्रेमी’ खुशाल म्हणा.