नमाजेची भाषा

बेटा,

अस्सलामु अलैकुम.

रोज पाच वेळा उभं राहून जे बोलायचं त्यातलं काहीच कळत नसेल, तर ती नमाज आपल्या भाषेत का पढू नये, असं तू विचारलं आहेस. आणि असं विचारल्याने ईमान (श्रद्धा) कमजोर होतं का, ही भीतीही लिहिली आहेस.

आधी ती भीती काढून टाक. हा प्रश्न इस्लामच्या दुसऱ्या शतकापासूनचा आहे आणि तो विचारणाऱ्यांत साक्षात इमाम अबू हनीफा आहेत, ज्यांच्या नावाने हनफी पंथ ओळखला जातो. ते इराकमधल्या कूफा शहराचे. फारसी बोलणारे कितीतरी लोक त्या काळात नव्याने मुसलमान होत होते. नमाजेत किराअत (कुरआनचं पठण) फारसीत केली तरी नमाज होते, असं मत त्यांनी दिलं. त्यांचे शिष्य अबू यूसुफ आणि मुहम्मद अश-शैबानी यांनी त्याला मर्यादा घातली: ज्याला अरबी जमतच नाही त्याच्यापुरतीच ही सवलत. पुढे इमामसाहेबांनी शिष्यांचंच मत स्वीकारलं, अशी रिवायत (परंपरेने आलेली नोंद) हनफी ग्रंथांत आहे. इतर तीन पंथांचे इमाम मालिक, इमाम शाफई आणि इमाम अहमद यांनी कुरआनच्या जागी तर्जुमा (भाषांतर) पढायला मान्यता दिली नाही. एवढ्या मोठ्या माणसांनी ज्यावर विचार केला, त्यावर तू विचार केलास तर त्यात गुन्हा कसला?

आता माझं मत. किराअत अरबीतच ठेव. कुरआनच्या सूरह (अध्याय) मुज्जम्मिलमध्ये हुकूम आहे की कुरआनमधलं जेवढं सहज जमेल तेवढं पढा. आणि कुरआन स्वतःला ‘अरबी कुरआन’ म्हणवतं. तर्जुमा कितीही चांगला असला तरी तो एका माणसाला समजलेला अर्थ असतो. दोन विद्वानांचे तर्जुमे शेजारी ठेव, पहिल्याच पानावर फरक दिसेल. नमाजेत मला अल्लाहचा कलाम (शब्द) जिभेवर हवा आहे, त्यावरचं कुणाचं मत नको. जगभरचे मुसलमान एका सफेत (रांगेत) उभे राहू शकतात, हे कारण लोक नेहमी पहिलं सांगतात. ते खरं आहे, मोलाचंही आहे, पण माझ्या लेखी दुसऱ्या क्रमांकाचं. घरात एकट्याने पढतानाही आपण अरबीतच पढतो ना?

तुर्कस्तानात काय झालं ते वाच. 1932मध्ये तिथे सरकारने अजान तुर्की भाषेत द्यायला लावली. 1941पासून अरबी अजान देणाऱ्याला कायद्याने शिक्षा होऊ लागली. जून 1950मध्ये नव्या सरकारने ती बंदी उठवली. तुर्की अजानवर मात्र बंदी घातली नाही, ज्याला हवी त्याने ती द्यावी. तरीही मशिदी अरबीकडेच परतल्या. उलट बाजूचं उदाहरण इंडोनेशियाचं. तिथे 2005मध्ये युसमान रॉय यांना अरबीसोबत इंडोनेशियन तर्जुमा पढून नमाज पढवल्याच्या प्रकरणात तुरुंगात जावं लागलं. त्यांची पद्धत मला पटत नाही, पण त्यांना तुरुंगात पाठवणं त्याहून पटत नाही. बंद्याने (भक्ताने) आपल्या रबशी (पालनकर्त्याशी) कोणत्या भाषेत बोलावं हे पोलिसांनी ठरवायचं नसतं.

तुझी तक्रार मात्र अगदी रास्त आहे आणि ‘सवाब (पुण्य) तर मिळतोच ना’ असं सांगून ती कुणी गप्प करत असेल तर गप्प बसू नकोस. सूरह निसाच्या 43व्या आयतीत (वचनात) नशेत नमाजेजवळ जाऊ नका असा हुकूम आहे आणि त्याची हद्दही दिली आहे: आपण काय म्हणतो आहोत हे तुम्हाला कळेपर्यंत. नशा पुढे पूर्ण हराम झाली, पण या आयतीतली अपेक्षा उरतेच. काय म्हणतो आहोत ते कळायला हवं.

आणि ते कळणं तुला वाटतं तेवढं अवघड नाही. अरबी भाषा शिकणं आणि नमाजेतली अरबी समजणं या वेगळ्या गोष्टी आहेत. तकबीर (अल्लाहु अकबर), सना (सुरुवातीची स्तुती), फातिहा (कुरआनची पहिली सूरह), रुकू-सजद्याच्या (वाकण्याच्या आणि कपाळ टेकण्याच्या) तस्बीह म्हणजे स्तुतिवाक्यं, अत्तहियात (बसून पढायचं), दरूद (पैगंबरांसाठीची दुआ) आणि चार-पाच छोट्या सूरह, एवढंच तर आहे. त्यात फातिहाच्या सात आयती. दिवसाच्या फर्ज (सक्तीच्या) रकाती, म्हणजे नमाजेची आवर्तनं, 17, म्हणजे नुसत्या फर्ज नमाजांतच फातिहा 17 वेळा समोर येते. म्हणून सुरुवात तिच्यापासून कर.

सहीह मुस्लिम या संग्रहात एक हदीस (पैगंबरांचं वचन) आहे. अल्लाह म्हणतो, मी नमाज माझ्यात आणि माझ्या बंद्यात अर्धी अर्धी वाटली आहे. बंदा ‘अल्हम्दु लिल्लाहि रब्बिल आलमीन’ म्हणतो तेव्हा अल्लाह म्हणतो, माझ्या बंद्याने माझी स्तुती केली. ‘अर्रहमानिर्रहीम’वर, ‘मालिकि यौमिद्दीन’वर असंच उत्तर येतं. मग ‘इय्याक नअबुदु व इय्याक नस्तईन’, आम्ही तुझीच इबादत करतो आणि तुझ्याकडेच मदत मागतो. इथे अल्लाह म्हणतो, हे माझ्या आणि माझ्या बंद्याच्या दरम्यानचं आहे, आणि बंदा जे मागेल ते त्याला मिळेल. त्यानंतर सरळ मार्गाची मागणी सुरू होते. बेटा, हे एकदा मनात बसलं की फातिहा घाईने उरकताच येत नाही. पैगंबर (सल्लल्लाहु अलैहि व सल्लम) एकेक आयत थांबून पढत असत. तूही थांब. उत्तर येतं आहे हे ठाऊक असताना माणूस पुढचं वाक्य दामटत नाही.

आपल्या भाषेची तुझी ओढ दाबून टाकू नकोस. तिची जागा दुआत आहे. सजद्यात बंदा आपल्या रबच्या सर्वांत जवळ असतो, तेव्हा खूप दुआ मागा, असं हदीसमध्ये आहे. सजद्यात मातृभाषेत मागावं का, यावर उलेमांत (धर्मपंडितांत) मतभेद आहेत. हनफी उलेमा नमाजेच्या आत ते पसंत करत नाहीत, इतर अनेक जण अरबी न येणाऱ्याला परवानगी देतात. तू ज्यांच्या मागे नमाज पढतोस त्या इमामांना विचार. पण सलाम फेरल्यावर (नमाज संपल्यावर) तर कसलीच अडचण नाही! तेव्हाच आपण सगळे उठून निघतो. बस थोडा वेळ. ज्या भाषेत तू रडतोस, त्याच भाषेत माग. भाषांचं वेगवेगळं असणं ही अल्लाहची निशाणी आहे, असं सूरह रूममध्ये त्यानेच सांगितलं आहे.

तुझ्या त्या मित्राला, ज्याने नुकताच इस्लाम स्वीकारला आहे, माझा निरोप दे. अरबी येईपर्यंत नमाज थांबवू नकोस म्हणावं. कुरआनमधलं काहीच पाठ होत नाही, अशी तक्रार घेऊन एक माणूस पैगंबरांकडे आला होता, तेव्हा त्याला सुब्हानल्लाह, अल्हम्दुलिल्लाह, ला इलाह इल्लल्लाह, अल्लाहु अकबर अशी थोडी छोटी वाक्यं शिकवली गेली. अबू यूसुफांची सवलतही अशाच माणसासाठी होती. उच्चार अडखळतात म्हणून लाज वाटत असेल, तर अडखळत, कष्टाने कुरआन पढणाऱ्याला दुप्पट अज्र (पुण्यफळ) आहे हेही त्याला सांग.

फातिहा झाली की रुकू-सजद्याच्या तस्बीह घे, मग अत्तहियात. शब्दाखाली शब्दाचा अर्थ दिलेलं पुस्तक घे, सलग तर्जुम्याचं नको. अर्थ नमाजेच्या आधी वाच, नमाजेत मनातल्या मनात भाषांतर करत बसू नकोस. अत्तहियातमध्ये बरेच जण अडतात. तू कुठे अडलास ते लिही, पुढच्या पत्रात तेवढ्यावरच बोलू.

वस्सलाम.