बंद कारखान्याच्या जागेवर ग्रामपंचायतीने मुलांचं मैदान केलंय. माती धोक्याची आहे का, हे कसं कळेल?

गवत छान उगवलंय म्हणून माती चांगली, हे कुणी सांगितलं तर ऐकू नका. शिसं असलेल्या जमिनीवरही गवत माजतं.

आधी तिथे काय चालायचं ते काढा. नुसती जिनिंग असेल तर गोष्ट वेगळी, बॅटऱ्या वितळवत असतील तर वेगळी. ग्रामपंचायतीचं जुनं दप्तर बघाच, पण तिथे राबलेल्या म्हाताऱ्यांना आधी गाठा. राख कुठे टाकायचे, टाकी कुठे होती, हे त्यांनाच ठाऊक असतं.

मैदानासाठी वरची 10-15 सेंटीमीटर माती सर्वात महत्त्वाची. वैशाखात उडते ती हीच, पोरांच्या तोंडात जाते तीही हीच. घसरगुंडीखालचा नमुना वेगळा ठेवा. सगळी माती एकत्र कालवली की घाण कोपरा सरासरीत लपतो. शेतीच्या मृदा पत्रिकेवर विसंबू नका, तिच्यात नत्र, स्फुरद, जस्त दिसेल. शिसं, आर्सेनिक नाही. शिवाय आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, पहिल्या पावसाचं पाणी त्यातून खोल उतरतं. म्हणून जवळच्या हापशीचं पाणीही तपासा.

अर्ज लेखी द्या, जिल्हाधिकारी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ दोघांकडे, पोच घेऊन. 2025 च्या दूषित स्थळांच्या केंद्रीय नियमांनुसार संशयित जागा जिल्हा प्रशासनाने मंडळाला कळवायच्या आहेत. प्राथमिक तपासणीला 90 दिवसांची मुदत आहे. खाणकामातलं प्रदूषण मात्र या नियमांत सहसा बसत नाही. अहवाल येईस्तोवर पोरं शाळेच्या पटांगणात खेळू द्या.