आवडीचं खाऊन वजन उतरतं का? लातूरच्या एका ताईंचा तीन महिन्यांचा हिशोब

"भात सोडला, गोड सोडलं, चटणी-भाकरीवर राहिले, तरी काटा हलंना. आता अजून काय सोडू, तेवढं सांगा." वजनासाठी आमच्याकडे सल्ला घ्यायला येणाऱ्यांकडून हे वाक्य सतत ऐकायला मिळतं. त्याच्या पोटात दुसरा प्रश्न असतो, तो बहुतेक जण विचारायला लाजतात: आवडीचं खायचंच नाही का आता?

ज्या ताईंनी हे विचारलं त्या लातूरच्या, वय ४१, पतसंस्थेत दिवसभर बैठं काम. घरात सासूबाई, नवरा आणि दोन शाळकरी मुलं. उंची १५६ सेंटिमीटर, वजन ७४ किलो, कंबर ९४ सेंटिमीटर. थायरॉइड ठीक होतं, पण तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ६.० टक्के, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. भारतीय बांध्यासाठी बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) २३ च्या पुढे गेला की वजन जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. ताईंचा ३० च्या थोडा वर होता. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

पहिल्या भेटीत त्यांना काहीच सोडायला सांगितलं नाही. सात दिवस नेहमीचंच खायचं, फक्त तोंडात जाणारी प्रत्येक गोष्ट वहीत लिहायची, आणि शक्य तिथे स्वयंपाकघरातल्या छोट्या वजनकाट्यावर मोजायची. पतसंस्थेत पैशापैशाचा मेळ घालणाऱ्या बाईला हे जड गेलं नाही. जड गेलं ते आठव्या दिवशी वही वाचणं.

शेंगदाण्याच्या चटणीपासून सुरुवात झाली. भात सोडल्यावर पोट भरावं म्हणून ताई दोन्ही वेळा भाकरीबरोबर चटणी आणि वर कच्चं तेल घेत होत्या. मोजल्यावर एका जेवणात ३० ग्रॅम चटणी आणि दोन चहाचे चमचे तेल निघालं. चटणीच्या १६० आणि तेलाच्या ८० मिळून २४० कॅलरी, दोन वेळचे ४८०. जो वाटीभर भात त्यांनी जिवावर दगड ठेवून सोडला होता, तो शिजवलेला १५० ग्रॅम भात २०० कॅलरींच्या आसपास असतो. म्हणजे २०० सोडून ४८० घेतले, आणि तेही "पथ्य" म्हणून. इथे दोष शेंगदाण्याचा नाही. शेंगदाणा चांगलाच आहे, पण १०० ग्रॅममध्ये साडेपाचशेहून जास्त कॅलरी असलेली वस्तू अंदाजाने वाढून चालत नाही.

मग तेल. कोणत्या भाजीत किती पडलं हे रोज मोजणं कुणालाच जमत नाही. त्यापेक्षा महिन्याच्या पिशव्या मोजाव्यात. ताईंच्या घरी पाच माणसांत एक लिटरच्या सहा पिशव्या जात होत्या. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. सहा पिशव्यांचा हिशोब माणशी रोज ३६ ग्रॅम, म्हणजे सव्वातीनशे कॅलरी येतो. ठरलं असं की महिन्याच्या एक तारखेला चार पिशव्या वेगळ्या काढायच्या आणि त्यातच महिना भागवायचा. माणशी १२ ग्रॅम कमी झालं, म्हणजे रोजच्या ११० कॅलरी, आणि ताटातला एकही पदार्थ गेला नाही. पहिल्याच महिन्यात अडचण आली ती येसरच्या आमटीत. सासूबाईंना तर्री दिसल्याशिवाय आमटी झाल्यासारखी वाटेना. मग त्यांच्या वाटीत वरून चमचाभर फोडणी घालायची आणि पातेलं कमी तेलाचं ठेवायचं, असा मार्ग काढला. घरात एकाच्या पथ्यापायी सगळ्यांना रुसवू नये, नाहीतर पथ्य महिनाभरही टिकत नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी होती: गुरुवारचा उपवास आणि रविवार. उपवासाला साबुदाण्याची खिचडी. ६० ग्रॅम कोरडा साबुदाणा, २५ ग्रॅम कूट, दोन चमचे तूप यांची एक ताटली साडेचारशेच्या घरात जाते आणि दोन तासांत पुन्हा भूक लावते, म्हणून ताई दोनदा खायच्या. रविवारी तर सहा दिवसांचं दाबलेलं सगळं बाहेर यायचं. चार पुरणपोळ्या, वर तुपाची धार, भजी, कुरडया, आमटी-भात, आणि संध्याकाळी "आजचा दिवस गेलाच आहे" म्हणून उरलेलं. तो दिवस साडेतीन हजारांवर जात होता. सहा दिवसांत जी तूट साधायची ती गुरुवार, चटणी आणि रविवार मिळून खाऊन टाकत होते.

जो पदार्थ "कधीच नाही" या यादीत टाकला, त्याचीच आठवण दिवसभर राहते आणि तो समोर आला की हात थांबत नाही. ताईंना चिकाटी कमी होती असं मुळीच नाही. सहा दिवस उपाशी राहायला चिकाटीच लागते. आखणीच अशी होती की सातव्या दिवशी कोसळावं.

मग रोज किती कॅलरी लागतात त्याचा आकडा काढला. स्त्रियांसाठी किलोतल्या वजनाला १० ने, सेंटिमीटरमधल्या उंचीला ६.२५ ने गुणून बेरीज करायची, त्यातून वयाची पाचपट आणि वर १६१ वजा करायचे. पुरुषांसाठी १६१ वजा करण्याऐवजी ५ मिळवायचे. ताईंचे झाले १३४९, म्हणजे नुसतं पडून राहिलं तरी शरीराला लागणाऱ्या कॅलरी. घरकाम आणि थोडंफार चालणं धरून याला १.३७५ ने गुणलं की साडेअठराशेच्या आसपास येतं. एवढं खाल्लं तर वजन आहे तिथेच राहील. त्यातून ४०० कमी केले: रोजचे १४५०, आठवड्याचे १०,१५०. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी, त्यामुळे आठवड्याला २८०० ची तूट महिन्याला दीड किलोच्या आसपास उतरवते. यापेक्षा घाई करू नये. १२०० च्या खाली तर डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय उतरूच नये. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असतील, गरोदरपण असेल, बाळ अंगावर पीत असेल, मूत्रपिंडाचा आजार असेल, तर हे आकडे परस्पर लावून घेऊ नयेत. खाऊन झाल्यावर उलटी काढणं किंवा लपून खाणं चालू असेल, तर कॅलरी मोजणं बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं.

रोज सारखंच खायचं असं बंधन नाही, आठवड्याची बेरीज जुळली की झालं. ताईंसाठी सहा दिवस १४०० आणि रविवार १७५० असं ठरवलं. बेरीज तीच, १०,१५०.

त्यानंतर त्यांना एकच काम दिलं. ज्यांच्यावाचून राहवत नाही असे पाच पदार्थ लिहा. त्यांनी न थांबता लिहिले: धपाटे-दही, शेंगदाण्याची चटणी, सुशीला, मिरची भजी, पुरणपोळी. "हे सगळं बंदच ना?" एकही बंद नाही, फक्त प्रत्येकाचा वार आणि माप ठरलं.

चटणी रोजची राहिली. १० ग्रॅम, म्हणजे सपाट मोठा चमचा, आणि वर तेलाऐवजी दही. धपाटे आठवड्यातून दोनदा सकाळी. ज्वारी, थोडी कणीक आणि बेसन मिळून ५० ग्रॅम पिठाचं एक धपाटं पावणेदोनशेचं होतं. पुढे ते किती वाढतं ते तव्यावर ठरतं. आधी ताई पळीने चारही बाजूंनी तेल सोडायच्या, एका धपाट्याला चार चमचे. आता दोन्ही बाजूंना मिळून एक चमचा, तवा आधी चांगला तापवून आणि वर झाकण ठेवून. पीठ ताकात भिजवलं आणि त्यात किसलेला दुधी किंवा मेथी घातली की कमी तेलातही धपाटं वातड होत नाही. अशी दोन धपाटी आणि वाटीभर दही पाचशेत बसतं, आणि दुपारपर्यंत भूक लागत नाही. सुशीला बुधवारी: ४० ग्रॅम चुरमुरे, दोन चमचे तेल, १५ ग्रॅम दाणे, कांदा भरपूर. तीनशेच्या थोडं वर. चुरमुऱ्यांनी पोट लवकर रिकामं होतं म्हणून सोबत एक उकडलेलं अंडं.

भज्यांबाबत आम्ही कडक आहोत. मध्यम आकाराचं मिरचीचं भजं साधारण ७० ते १०० कॅलरींचं असतं, आणि तेल नीट तापलेलं नसलं तर जास्त तेल पितं. पंधरा दिवसांतून एकदा, दोन भजी ताटलीत घेऊन, बसून. कढईजवळ उभं राहून तळता तळता खाल्लेल्या भज्यांची मोजदाद कुणालाच लागत नाही, त्यामुळे ज्या दिवशी भजी त्या दिवशी तळायचं काम दुसऱ्याने करायचं.

पुरणपोळी महिन्यातून दोन रविवार. ३० ग्रॅम डाळ, ३० ग्रॅम गूळ, २५ ग्रॅम कणीक आणि वर चमचाभर तूप धरलं की एक पोळी ३५० च्या आसपास जाते. दोन पोळ्या ७००, कटाची आमटी एक वाटी १००. भात, भजी आणि कुरडया त्या दिवशी नाहीत. ताईंना विचारलं होतं, या ताटात तुम्हाला खरं काय हवं असतं? उत्तर आलं, "पोळी अन् कट. बाकी रिवाज म्हणून वाढायलोत." मग रिवाजाचं कमी करायचं, आवडीचं ठेवायचं. ओट्सची किंवा बिनगुळाची पुरणपोळी करून पाहण्याचा सल्ला आम्ही देत नाही. ती खाल्ल्यावर समाधान होत नाही, आणि संध्याकाळी खरी पोळी खाल्ली जातेच.

आवडीचं टिकवायचं तर बाकीचं ताट भरीव लागतं. ताईंच्या पोटात दिवसाला जेमतेम ४० ग्रॅम प्रथिनं जात होती. ती ६५ पर्यंत नेली. तीन भाकरी, दोन वेळा घट्ट वरण किंवा मटकी-हुलग्याची उसळ, दोन अंडी, २५ ग्रॅम कोरडे सोया चंक्स, दही. गुरुवारी साबुदाण्याऐवजी भगर, दाण्याची पातळ आमटी आणि ताक. चहा चार कपांवरून दोनवर, साखर दोन चमच्यांऐवजी अर्धा. चमचाभर साखर २० कॅलरींची, म्हणजे नुसत्या साखरेतच १४० वाचले. जेवणानंतर अर्धा तास झपाझप चालणं ठरलं, पण ते साखरेसाठी आणि गुडघ्यांसाठी. अर्ध्या तासात जास्तीच्या शंभर-सव्वाशे कॅलरी जळतात, एका भज्यापेक्षा थोड्या जास्त. चाललो म्हणून खाल्लं, हा हिशोब कधीच बसत नाही.

सहाव्या आठवड्यात वेळ अमावस्या आली. लातूर-धाराशिवकडे त्या दिवशी गाव रिकामं होतं आणि शेतं भरतात, त्यामुळे डबा घेऊन वेगळं बसणं शक्यच नव्हतं. ताई आठवडाभर आधीच घाबरल्या होत्या. खरं तर त्या जेवणातलं बरंचसं वजनवाल्यांच्या सोयीचंच आहे. भज्जी म्हणजे ताजे दाणे, पालेभाज्या आणि थोडं बेसन. आंबील म्हणजे ज्वारीचं पीठ आणि ताक. बाजरीचे उंडे तर वाफवलेले. जपायचं फक्त शेंगाच्या पोळीला आणि खिरीला. ३० ग्रॅम कूट आणि २५ ग्रॅम गूळ घातलेली एक शेंगपोळी पावणेचारशेपर्यंत जाते. ठरलं ते असं: भज्जी-आंबील पोटभर, उंडे दोन, शेंगपोळी एक, खीर अर्धी वाटी. आग्रह होणारच. ताट रिकामं दिसलं की वाढतात, म्हणून भज्जी ताटात शेवटपर्यंत ठेवायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला, "नऊशे ग्रॅम वाढलंय, सगळं पाण्यात गेलं." एका जेवणातून नऊशे ग्रॅम चरबी साठवायची तर नेहमीच्या खाण्यावर सात हजारांच्या आसपास कॅलरी पोटात जाव्या लागतील. तेवढं कुणी एका जेवणात खात नाही. वाढतं ते पाणी. पिष्टमय पदार्थ जास्त झाले की शरीर ग्लायकोजेन (यकृतात आणि स्नायूंत राखून ठेवलेली साखर) साठवतं, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. मिठानेही पाणी थांबतं. ताईंना फक्त नेहमीच्या ताटावर परत यायला सांगितलं, उपवास करायला नाही. चौथ्या दिवशी काटा आधीच्या आकड्यावर आला. पाळीच्या आधीच्या आठवड्यातही असंच होतं. म्हणून वजन रोज केलं तरी आठवड्याची सरासरी बघावी.

संक्रांतीच्या हळदी-कुंकवात मात्र गाडी घसरली. रोज चार-पाच घरं, प्रत्येक घरी लाडू आणि चहा. एक तिळगुळाचा लाडू साधारण ७० कॅलरींचा. दोन आठवडे वजन थांबलं. नंतर लाडू वाणाबरोबर पिशवीत टाकून घरी मुलांना द्यायचा आणि एकाच घरी चहा घ्यायचा, असं ठरलं.

बाराव्या आठवड्यात वजन ७०.३ किलो, कंबर ९० सेंटिमीटर. पुरणपोळी पाच वेळा झाली होती. ७० किलोला नवा हिशोब मांडला की वजन टिकवायला १८०० च लागतात, त्यामुळे तेच १४५० खाल्ले तरी पुढची तूट ३५० चीच राहील आणि वेग थोडा मंदावेल. हे आधीच सांगून ठेवलं, म्हणजे एप्रिलमध्ये काटा सावकाश हलला तर घाबरायला नको.

जाताना विचारलं, "अन् केसर निघाला की?" मध्यम आकाराच्या एका केसर आंब्यातून १३० ते १५० ग्रॅम गर निघतो, त्याच्या ९० कॅलरी. कापून, जेवणाबरोबर रोज एक खुशाल खावा. आमरस असेल त्या दिवशी साखर न घालता एक वाटी रस, दोन पातळ पोळ्या बिनातुपाच्या, सोबत उसळ, आणि भात नाही. साखर घातलेला रस तीन वाट्या आणि सोबत कुरडई, हे ताट महिन्यातून एकदा, रविवारच्या १७५० मध्ये बसवून. तीन महिन्यांची साखर मे अखेरीला पुन्हा तपासायची आहे.