परदेशातली लोकसभा चित्रित करताना

प्रश्न : आम्ही अमळनेरचे तिघं मित्र मे महिन्यात स्वित्झर्लंडमधल्या ग्लारुसला जाणार आहोत. तिथे चौकात भरणाऱ्या लोकसभेबद्दल, म्हणजे प्रांतातले मतदार स्वतः जमून हात वर करून निर्णय घेतात त्या सभेबद्दल, मुलाखती घेऊन त्या आपल्याकडच्या ग्रामसभांत दाखवायच्या आहेत. तयारी कशी करावी?

उत्तर : आधी परतीचं तिकीट बघा. ही सभा मेच्या पहिल्या रविवारी भरते, पण हवामान फार खराब असलं तर आठवडाभर पुढे ढकलतात. सोमवारचं तिकीट काढून बसलात तर सगळा खर्च पाण्यात. दुसरा रविवार धरूनच तिकीट काढा, व्हिसाही तेवढ्या दिवसांचा मागा.

सभेच्या दिवशी मुलाखतींच्या मागे लागू नका. मतदार रिंगणात असतात, पाहुणे बाहेर. मतदानाचं कार्ड धरलेले हात वर होतात आणि सभाप्रमुख नजरेच्या अंदाजाने बहुमत ठरवतो. हे लांबून, उंचावरून छान टिपता येतं. बोलणं मात्र आधीच्या आठवड्यात उरका. मतदारांना विषयांची पुस्तिका अगोदर घरपोच मिळते. ती हातात घेऊनच माणसाला बोलतं करा. आणि 2006 चा विषय जरूर काढा : प्रांताच्या सरकारने गावांच्या 10 पालिका करायचं सुचवलं होतं, एका नागरिकाने 3 च करा म्हटलं आणि सभेने तेच मंजूर केलं. 25 पालिकांच्या 3 झाल्या, 2011 पासून. गटग्रामपंचायत ठेवायची की फोडायची यावर भांडणाऱ्या आपल्या गावांनी हे ऐकायलाच हवं.

खरी अडचण आवाजाची. चर्चची घंटा दर पाव तासाला वाजते. ठोके संपले की रेकॉर्डिंग सुरू करा, बारा मिनिटांत एक मुद्दा संपवा. या खोऱ्यात ‘फ्योन’ (Föhn) नावाचा कोरडा, जोराचा वारा सुटतो. माइकवर नुसता फोम चालत नाही, केसाळ टोपी हवी. डोंगराची सावली लवकर पडते, म्हणून बाहेरच्या मुलाखती सकाळी घ्या. कार्यालयं दुपारी बाराच्या सुमारास जेवणासाठी बंद होतात, ती वेळ मागू नका.

वीज आपल्यासारखीच, 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ; तेव्हा 25 फ्रेम आणि 1/50 शटर ठेवलं की दिवे लुकलुकत नाहीत. बारीक दोन पिनांचा चार्जर बसतो, आपला तीन पिनांचा नाही. एक अडॅप्टर आणि घरचा एक्स्टेंशन बोर्ड न्या. जादा बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच, टोकांना चिकटपट्टी लावून. 100 वॅट-तासांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास केलं की आकडा मिळतो.

जेवणाचं म्हणाल तर स्वयंपाकघर असलेली जागा घ्या. कळण्याचं पीठ, शेव, शेंगदाण्याची चटणी खुशाल न्या. तूप, पेढे, मांस नेता येत नाही. शेवभाजीचा मसाला घरूनच भाजून-कुटून न्या, बंद खोलीत मिरचीचा ठसका उठतो. रविवारी दुकानं बंद असतात, भाजीपाला शनिवारीच आणा.

प्रश्न : परतताना मुंबईला कॅमेऱ्यावर ड्युटी लागेल का?

उत्तर : जातानाच विमानतळावर कस्टम्सला कॅमेरा, लेन्स दाखवून सिरियल नंबरांसह निर्यात प्रमाणपत्र घ्या. बॅग चेक-इनला देण्याआधी हे करा, नंतर दाखवायला सामान हातात राहत नाही.