मेडिटरेनियन आहाराने म्हातारपणी आयुष्य वाढतं का? ऑलिव्ह तेल कोणतं घ्यावं?

तुमचे वडील 73 वर्षांचे आहेत आणि त्यांना हा आहार, म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या लोकांचं भाज्या, कडधान्यं, ऑलिव्ह तेल आणि थोडंच मांस असं जेवण, सुरू करायचं म्हणताय. तेलाचं आधी सांगून टाकते. एक्स्ट्रा व्हर्जिन (म्हणजे रिफाइन न केलेलं, नुसतं दाबून काढलेलं), गडद काचेची छोटी बाटली, आणि ते वरून कच्चं घालायचं. फोडणीला घरातलं शेंगदाणा तेलच राहू द्या.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

नवऱ्याच्या कामामुळे 2013 ते 2018 आम्ही ग्रीसमधल्या क्रीट बेटावर होतो, इराक्लिओ शहरात. या आहाराचा सगळा बोलबाला मुळात क्रीटमुळे झाला. अ‍ॅन्सेल कीज या अमेरिकन संशोधकाने 1958 पासून सात देशांतल्या 40 ते 59 वयाच्या पुरुषांचा अभ्यास सुरू केला, तेव्हा क्रीटच्या गावांमध्ये हृदयविकाराने मरणारे फारच थोडे निघाले. आमच्या घरमालकीणबाई 86 वर्षांच्या. तिकडे आजीला 'याया' म्हणतात, आम्हीही तेच म्हणायचो. पहिल्याच उन्हाळ्यात एका सकाळी त्या परसातून ओंजळभर भाजी खुडून आल्या आणि ओट्यावर पसरली. लालसर देठ, जाडसर गुळगुळीत पानं. घोळ! आई मुगाची डाळ घालून करायची तीच. तिला तिथे ग्लिस्ट्रिडा म्हणतात. शेजारी दुसरी जुडी होती, तिचं नाव व्लिता, आणि तो आपला तांदुळजाच म्हणायचा. मला भरून आलं होतं, खरंच.

यायांनी तांदुळजा उकडला, निथळला, वर लिंबू पिळलं आणि तेलाची धार धरली. चमच्याने मोजून नाही, धारच. सोबत मसुराचं पातळ कालवण, त्यात व्हिनेगर, आणि जवाचा कडक पाव भिजवून. मटण कधीतरी रविवारी. बुधवार-शुक्रवार उपास, म्हणजे मांस, दूध, अंडी बंद. मग कडधान्यं आणि भाज्या. (आपण उपासाला साबुदाणा आणि बटाटा खातो, हे मला तिथे पहिल्यांदा खटकलं.) आणि दुपारी दोनला त्या एकट्या जेवायला बसल्याचं मी पाच वर्षांत क्वचितच पाहिलं. शेजारीण यायची, नाहीतर या तिच्याकडे जायच्या. दुसऱ्या महायुद्धात बेट जर्मनांच्या ताब्यात असताना गोगलगायी आणि रानभाज्यांवर दिवस काढल्याचं त्या सांगायच्या. त्यांच्या लेखी हे गरिबीचं जेवण होतं.

2016 साली वाईला बाबांना स्टेंट बसवला. वय 75. आई आधीच गेलेली, स्वयंपाकाला मावशी यायच्या. दादा अमेरिकेहून आला, पंधरा दिवस राहिला आणि जाताना फ्रिजवर तक्ता चिकटवून गेला: मेडिटरेनियन डाएट. शेंगदाण्याचं तेल बंद, कूट बंद, भात बंद, भाकरी बंद. दुपारी सॅलड, रात्री ब्राऊन ब्रेडचे दोन स्लाइस आणि सूप. सगळ्यावर ऑलिव्ह तेल, त्याचे डबेच त्याने आणून ठेवले होते. मी फोनवर म्हटलं, दादा, इथे कुणी असं जेवत नाही. तो म्हणाला, तू तिथे राहतेस म्हणून तुला विज्ञान कळतं असं नाही.

पाच महिन्यांनी मी वाईला गेले. बाबा दार उघडायला आले तेव्हा पँट एका हाताने धरलेली होती. पट्ट्याला भोकं पुरेनात म्हणून सुतळी बांधली होती त्यांनी. 62 किलोचा माणूस 54 वर आला होता. कवळी असलेल्या माणसाला काकडी-गाजराच्या चकत्या चावत नाहीत, आणि हे मुलाला सांगायची त्यांना लाज वाटत होती. अर्धं सॅलड रोज मावशींच्या शेळीला जायचं. गावातले डॉक्टर म्हणाले, वजन उतरलं, हृदयाला चांगलंच आहे. या वयात न ठरवता वजन उतरलं तर ते चांगलं नसतं हो! स्नायू जातो, पाय लटपटतात, माणूस पडतो.

मी तक्ता काढला. घोळ मंडईत मिळतेच, तांदुळजाही. रोज आमटी किंवा उसळ वाटीभर घट्ट, त्यात भाकरी कुस्करून, दही, दोन दिवसांआड अंडं. अक्रोड-बदामाची पूड करून. ऑलिव्ह तेल मी फेकलं नाही, उकडलेल्या पालेभाजीवर घालायचे ते, आवडायचंही त्यांना. आणि शेजारच्या काकांना, तेही एकटेच, दुपारी आमच्याकडे जेवायला बोलावलं. दोघं मिळून संध्याकाळी गणपतीच्या घाटापर्यंत चालत जायचे. वर्षभरात वजन 60 वर आलं. बाबा 2022 मध्ये गेले, 81व्या वर्षी, शेवटच्या महिन्यापर्यंत स्वतःच्या पायांवर. ती वर्षं घोळीने दिली असं मी म्हणत नाही, स्टेंटचा आणि औषधांचा वाटा मोठा.

आता तुमचा प्रश्न. युरोपातल्या 11 देशांतल्या 70 ते 90 वयाच्या माणसांचा एक अभ्यास 2004 मध्ये छापून आला. या पद्धतीने जेवणाऱ्यांत सुमारे 10 वर्षांच्या काळात मृत्यूंचं प्रमाण 23 टक्के कमी होतं. पण तो नुसत्या पाहणीचा अभ्यास, म्हणजे सगळं श्रेय जेवणालाच देता येत नाही. स्पेनमध्ये सुमारे 7,400 लोकांवर प्रत्यक्ष प्रयोग झाला, म्हणजे गट पाडून काहींना हा आहार दिला. गट पाडण्यातल्या चुकांमुळे तो निबंध 2018 मध्ये मागे घेऊन नव्याने छापावा लागला, तरी हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू हे सगळं धरून प्रमाण सुमारे 30 टक्के कमीच निघालं. त्यात मोठा वाटा पक्षाघात कमी होण्याचा. एकूण मृत्यूंमध्ये मात्र ठाम फरक दिसला नाही. म्हणजे आयुष्य वाढेल असं छातीठोकपणे कुणी सांगू नये. धडधाकटपणाची शक्यता वाढते, हे म्हणता येईल.

आणि ग्रीसमध्ये 22,000 लोकांचा अभ्यास झाला, 2003 मध्ये छापून आला. त्यात आहाराला एकूण गुण दिले तर मृत्यूंशी संबंध स्पष्ट दिसला. पण त्यातले पदार्थ एकेकटे काढून पाहिले तर बहुतेकांचा धड दिसला नाही. दादा, हे तुझ्यासाठी लिहितेय. तू कधीतरी वाचशील. सगळं ताट मिळून काम करतं, तेलाचा डबा नाही. हे मी तुला तेव्हा सांगत होते आणि बाबांच्या दिवसांनाही सांगितलं, तेव्हा तू उठून गेलास.

काही राहिलेलं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर कडधान्यं-अंडी वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा. नसेल तर या वयात वजनाच्या दर किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे तरुणांपेक्षा जास्तच. रक्त पातळ करायची वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल तर पालेभाजी एकदम वाढवू नका, रोज साधारण सारखी ठेवा. वाईन या आहारात सांगतात म्हणून 73व्या वर्षी कुणी सुरू करू नये. आणि वडिलांच्या दातांकडे बघा.

बाटली आणायच्या आधी त्यांचं वजन करा, भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, आणि दर महिन्याला त्याच काट्यावर पुन्हा करा. आमच्याकडे ते पाच महिने कुणीच केलं नाही.