काळ्या कोंबड्याची वाइन : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

इटलीतील फ्लॉरेन्स आणि सिएना या दोन शहरांच्या मधल्या डोंगराळ पट्ट्यात होणाऱ्या कियांती क्लासिको या रेड वाइनविषयी आलेल्या पत्रांपैकी चार प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : फ्लॉरेन्समधील एका दुकानात ‘कियांती’ आणि ‘कियांती क्लासिको’ अशा दोन बाटल्या शेजारी शेजारी मांडलेल्या होत्या. दुसरीची किंमत पहिलीच्या जवळजवळ दुप्पट होती आणि तिच्या गळ्यावर काळ्या कोंबड्याचे चित्र होते. एकाच वाइनचे हे साधे आणि उंची असे दोन प्रकार आहेत का? (ठाणे)

उत्तर : नाही. १९९६ पासून इटालियन कायद्याच्या दृष्टीने या दोन स्वतंत्र वाइन आहेत आणि दोन्हींच्या नियमावल्याही वेगळ्या आहेत. ‘क्लासिको’ हा शब्द मुळात दर्जा सांगत नाही, ठिकाण सांगतो. कियांती ज्या प्रदेशात येते त्या तोस्कानाचा (टस्कनीचा) अधिपती कोझिमो तिसरा मेदिची याने १७१६ मध्ये फर्मान काढून कियांतीसह चार वाइन-प्रदेशांच्या सीमा ठरवून दिल्या. वाइनच्या प्रदेशाला कायद्याने हद्द आखून देण्याच्या जगातील अगदी सुरुवातीच्या प्रयत्नांत या फर्मानाची गणना होते. पुढे कियांतीला मागणी वाढली, तसे आसपासच्या टेकड्यांवरील उत्पादकही आपल्या वाइनला तेच नाव देऊ लागले. मूळ पट्ट्यातील ३३ उत्पादकांनी १९२४ मध्ये राद्दा या गावी एकत्र येऊन आपला संघ स्थापन केला आणि काळा कोंबडा हे त्याचे चिन्ह ठरवले. हा कोंबडा त्यांनी नव्याने कल्पिलेला नव्हता. मध्ययुगात फ्लॉरेन्सच्या अखत्यारीत असलेल्या कियांती लीग या स्थानिक संघटनेचे ते निशाण होते आणि फ्लॉरेन्सच्या पालात्सो वेक्किओ या जुन्या राजवाड्यातील मोठ्या दिवाणखान्याच्या छतावर चित्रकार वासारीने ते रंगवलेले आजही पाहायला मिळते.

नावाचा वाद मात्र संघ स्थापन होऊन मिटला नाही. १९३२ मध्ये सरकारने आजूबाजूच्या प्रदेशांनाही कियांती हे नाव वापरण्याची मुभा दिली आणि मूळ प्रदेशाची समजूत ‘क्लासिको’ हे विशेषण देऊन काढली. भांडणातली मालमत्ता दोघांत वाटून द्यावी आणि थोरल्याच्या हाती मानाचा फेटा ठेवावा, तसाच हा निवाडा होता. त्यामुळे बाटली घेताना ‘कियांती’ या शब्दावर फार विसंबू नये. क्लासिकोमध्ये सांजोवेझे या काळ्या द्राक्षाचे प्रमाण किमान ८० टक्के असावे लागते आणि एका हेक्टरमधून साडेसात टनांपेक्षा जास्त द्राक्षे घेता येत नाहीत. नुसत्या कियांतीचे नियम याहून सैल आहेत. किमतीतील फरकाचे बरेचसे कारण यातच आहे. तरीही एक गोष्ट नमूद केली पाहिजे. फ्लॉरेन्सच्या ईशान्येकडील रूफिना या भागातील कियांतीवर कोंबडा नसतो, पण ती कित्येक क्लासिकोंच्या तोडीस तोड असते आणि तुलनेने स्वस्तही मिळते.

प्रश्न : माझ्याकडील एका जुन्या इंग्रजी पुस्तकात कियांती हे काळ्या आणि पांढऱ्या द्राक्षांचे मिश्रण असल्याचे लिहिले आहे. विक्रेता मात्र ‘ही शंभर टक्के सांजोवेझे आहे’ असे छातीठोकपणे सांगतो. दोघांपैकी खरे कोणाचे? (नागपूर)

उत्तर : आपापल्या काळापुरते दोघांचेही खरे आहे. या वाइनच्या इतिहासातील सर्वांत रोचक प्रकरण हेच असल्याने उत्तर थोडे लांबवतो.

गायोलेजवळच्या ब्रोलियो किल्ल्याचे मालक बारोन बेत्तिनो रिकासोली हे एकसंध इटलीचे दुसरे पंतप्रधान होते. मात्र आपल्या मळ्यात कोणत्या द्राक्षाचा काय गुण आहे, हे त्यांनी कित्येक वर्षे प्रयोग करून तपासले होते. पीसा येथील प्राध्यापक चेझारे स्तुदियाती यांना १८७२ मध्ये लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपला निष्कर्ष मांडला. वाइनला सुगंध आणि जोम सांजोवेझेमुळे येतो, कानायोलो या दुसऱ्या काळ्या द्राक्षामुळे तिचा कडकपणा मवाळ होतो आणि माल्वासिया या पांढऱ्या द्राक्षामुळे ती हलकी, रोजच्या जेवणाजोगी होते. पण जी वाइन मुरवत ठेवायची आहे, तिच्यातून माल्वासिया वगळता येईल, असा त्याचा आशय होता. पत्राचा हा शेवटचा भाग लोक सोयीस्करपणे विसरले. १९६७ मध्ये कियांतीला नियंत्रित नामाचा, म्हणजे ठरलेले नियम पाळणाऱ्यांनाच ते नाव वापरू देणारा, कायदेशीर दर्जा मिळाला, तेव्हा नियमकर्त्यांनी पांढरी द्राक्षे घालण्याची निव्वळ मुभा दिली नाही, तर किमान १० टक्के पांढरी द्राक्षे सक्तीची केली आणि मर्यादा ३० टक्क्यांपर्यंत नेली. शिवाय माल्वासियाच्या जोडीला त्रेब्बियानोही आले. हे द्राक्ष वेलीला भरघोस लागते, पण चवीला बेताचेच असते.

काळही वाईट होता. शेतमालक आणि कसणारे कूळ यांनी उत्पन्न वाटून घेण्याची तोस्कानातील शतकानुशतकांची पद्धत मोडीत निघत होती. असे नवे करार करण्यास १९६४ च्या कायद्याने बंदी घातली आणि कुळांची घरेच्या घरे शहरांकडे निघून गेली. गहू, ऑलिव्ह आणि द्राक्ष एकाच रानात घेण्याच्या जुन्या रीतीच्या जागी केवळ द्राक्षाच्या मोठ्या बागा उभ्या राहिल्या, पण त्यांत लावलेली रोपे पुष्कळदा गुणापेक्षा जास्त उत्पन्नाकडे पाहून निवडलेली होती. फिक्या रंगाची, आंबट आणि वर्ष-दोन वर्षांत मलूल होणारी वाइन गवताच्या विणीत गुंडाळलेल्या बुटक्या बाटलीत भरून जगभर जाऊ लागली. वाइन संपल्यावर त्या बाटलीत मेणबत्ती खोचण्याची रीत पडली, आणि परदेशात कित्येकांना कियांतीची ओळख तेवढीच राहिली.

ज्यांना चांगली वाइन करायची होती, त्यांच्यापुढे कायद्याबाहेर पडण्याखेरीज मार्ग उरला नाही. आन्तिनोरी या वाइन-उत्पादक घराण्याने १९७१ च्या हंगामापासून आपल्या तिन्यानेल्लो या मळ्यातील वाइनवरून ‘कियांती क्लासिको’ हे नाव काढून टाकले आणि १९७५ पर्यंत तिच्यातील पांढरी द्राक्षे पूर्णपणे बंद केली. राद्दा येथील सेर्जो मानेत्ती यांनी १९७७ च्या हंगामात ‘ले पेर्गोले तोर्ते’ ही निव्वळ सांजोवेझेची वाइन केली. नियमांप्रमाणे पाहिले तर वाइन केवळ कियांतीच्याच द्राक्षाची असणे हाच तिचा अपराध ठरत होता! या वाइन कागदोपत्री ‘विनो दा ताव्होला’ म्हणजे सर्वांत खालच्या श्रेणीतील साध्या टेबल वाइन ठरल्या, पण बाजारात त्यांनी क्लासिकोपेक्षा कितीतरी जास्त भाव मिळवला. या उलट्या हिशेबाची दखल कायद्याने सावकाश घेतली. १९८४ मध्ये क्लासिकोमधील पांढऱ्या द्राक्षांची सक्ती २ टक्क्यांवर आली, १९९६ मध्ये शंभर टक्के सांजोवेझेला परवानगी मिळाली आणि २००६ च्या हंगामापासून पांढरी द्राक्षे पूर्णपणे वर्ज्य झाली. जे आधी सक्तीचे होते, ते चाळीस वर्षांत निषिद्ध ठरले. तुमच्या विक्रेत्याचे म्हणणे मात्र लेबलवर पडताळून पाहावे, कारण उरलेल्या २० टक्क्यांत कानायोलो, कोलोरिनो ही स्थानिक द्राक्षे, इतकेच नव्हे तर मेर्लो आणि कॅबरने ही फ्रेंच द्राक्षेही चालतात. मेर्लोने वाइन गुबगुबीत होते, हे मान्य करूनही ती या मातीची राहत नाही, असे माझे मत आहे.

प्रश्न : अकलूज परिसरात सांजोवेझेची लागवड झाली आहे. मी स्वतः द्राक्ष बागायतदार आहे. वाण तोच असताना आपली वाइन कियांतीसारखी का लागत नाही? (सोलापूर जिल्हा)

उत्तर : तुम्ही बागायतदार आहात, म्हणून छाटणीपासूनच सुरुवात करतो. आपल्याकडे एप्रिलमधली खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराची गोडी छाटणी अशा दोन छाटण्या होतात, कारण वेलीला झोपवणारा कडक हिवाळाच आपल्याकडे नाही. कियांतीत वेल थंडीत पूर्ण निद्रिस्त असते, छाटणी त्याच काळात एकदाच होते, एप्रिलमध्ये डोळे फुटतात आणि काढणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत चालते. म्हणजे तिथला घड दिवसेंदिवस थंड होत जाणाऱ्या हवेत पिकतो. आपला घड मात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये, उन्हाचा चटका वाढत असताना पिकतो. रात्री गार असल्या की मण्यातील आम्ल टिकते. उष्णतेत साखर झपाट्याने चढते, आम्ल उतरते आणि साल व बिया पिकण्याआधीच काढणी करावी लागते. सांजोवेझेची सारी ओळख आंबटपणा आणि तुरटपणा यांच्या ताणावर उभी असल्याने हा फरक ग्लासात लगेच जाणवतो. त्यात कियांतीच्या बागा साधारण २५० ते ६०० मीटर उंचीवर, गालेस्त्रो नावाच्या ठिसूळ पापुद्र्यांच्या आणि आल्बेरेझे नावाच्या चुनखडीयुक्त दगडाच्या जमिनीत आहेत.

अकलूजला फ्रटेली या वाइन कंपनीने तोस्कानातील वाइनतज्ज्ञ पिएरो मासी यांच्या मार्गदर्शनाखाली हे वाण रुजवले आणि त्यांची ‘सेत्ते’ ही सांजोवेझे व कॅबरने सोव्हिन्यों यांची मिश्र वाइन गाजलीही. ती कियांतीची नक्कल आहे का, असे विचारण्यापेक्षा माणदेशाच्या उन्हात या वाणाचे काय होते, या नजरेने तिच्याकडे पाहणे अधिक योग्य ठरेल.

प्रश्न : कियांती क्लासिको किती वर्षे ठेवावी, आणि ती कशाबरोबर घ्यावी? (पणजी)

उत्तर : साधी क्लासिको चार-पाच वर्षांत संपवावी. किमान २४ महिने मुरवलेली ‘रिझेर्वा’ आणि किमान ३० महिने मुरवलेली ‘ग्रान सेलेत्सियोने’ चांगल्या हंगामातली असेल, तर दहा वर्षे किंवा त्याहून अधिक टिकते. पण गोव्यातल्या हवेत वातानुकूलित कपाटाशिवाय एवढा काळ बाटली ठेवू नये. ‘खोलीच्या तापमानाला द्यावी’ हा पुस्तकी सल्लाही आपल्याकडे घातक आहे, कारण ते तापमान १६ ते १८ अंश असते असे त्यात गृहीत धरलेले असते. म्हणून उघडण्यापूर्वी बाटली अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावी. टोमॅटोच्या आंबट रश्शात शिजलेले मटण किंवा निखाऱ्यावर भाजलेले मांस तिला उत्तम शोभते. तिखट जास्त असेल, तर मद्याची आग आणि वाइनचा तुरटपणा दोन्ही वाढल्यासारखे वाटतात, म्हणून व्हिंदालूबरोबर मी ती उघडणार नाही.